पुंडकरांची दोन मिनिटं

"आतल्या खोलीची किल्ली द्या सर. सतरंज्या काढतो."

दिगंबर ढोले वाचनालयात माझ्या टेबलासमोर उभा होता. त्याला ओळखायला मला क्षणभर लागलं, कारण त्यानं डोक्याचा गोटा केला होता आणि कानामागे साबणाचा फेस तसाच वाळला होता. डोळे सुजलेले. नगरपालिकेच्या पाण्याच्या टँकरवर तो ड्रायव्हर होता. वय पंचविशीचं, अंगानं आडवा. गावातली निम्मी पोरं त्याच्या शब्दावर चालायची.

"किल्ली?" मी म्हणालो. किल्ली माझ्या शर्टाच्या खिशातच होती. "किल्ली... घरी राहिली वाटतं."

"मंग आणा ना. दोन पावलांवर तं घर आहे तुमचं."

मला खोटं बोलायला जमत नाही. यात सद्गुण काही नाही, माझे कान लाल होतात एवढंच. ते लाल झाल्याचं मला जाणवत होतं. इतक्यात दारातून नगराध्यक्ष अण्णाजी गावंडे म्हणाले, "राहू दे रे दिगू. शोकसभेत बसते का कोणी? उभंच राहायचं असते."

"सभा झाल्यावर लागनच ना खोली," दिगंबर म्हणाला. "बाईचा फोटो तिथंच ठेवायचा. समई लावून. तेरा दिवस. मी सोता बसतो तिथं."

"सभा झाल्यावर देतो," मी म्हणालो.

तो गेला. मी खिशावर हात ठेवून बसून राहिलो. आतल्या खोलीत, जुन्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यांआड, मेहेरसिंग आणि त्याची म्हातारी आई सकाळपासून बसलेली होती.

ही चौऱ्याऐंशी सालच्या नोव्हेंबरातली, तीन तारखेची गोष्ट. बुधवारी दिल्लीत इंदिराबाईंना त्यांच्याच अंगरक्षकांनी गोळ्या घातल्या होत्या, आणि आज शनिवारी त्यांचं दहन होतं. मारणारे शीख होते. आमच्या बोरव्हाणात शीख म्हणजे एकच घर होतं.

तीन दिवस रेडिओवर सारंगीशिवाय काही लागलं नव्हतं. दिवाळी नुकतीच होऊन गेलेली. कोणी न सांगता लोकांनी आकाशकंदील उतरवून ठेवले होते. हमरस्त्यावरची सगळी दुकानं बंद. नगरपालिकेच्या ओट्यावर टीव्ही मांडला होता आणि सकाळपासून सहाशे-सातशे माणसं त्याच्यासमोर बसून होती. चित्र मुंग्या आल्यासारखं दिसत होतं, तरी कोणी हललं नाही. चितेला अग्नी दिला तेव्हा बायकांनी जो हंबरडा फोडला, तो मी वाचनालयात ऐकला. मी स्वतः बघायला गेलो नाही. गर्दीत मला कुठं उभं राहावं ते कळत नाही.

वाचनालयासमोर चौक आहे आणि चौकाच्या कडेला लिंबाचं झाड. त्या झाडाखाली संपत न्हाव्यानं सकाळीच खुर्ची टाकली होती. फुकट. आमच्याकडे आई किंवा बाप गेल्याशिवाय माणूस डोकं भादरत नाही. त्या दिवशी दुपारपर्यंत त्रेचाळीस जणांनी भादरलं. अण्णाजींनीही खुर्चीत बसायची तयारी दाखवली, तेव्हा संपत म्हणाला, "अण्णाजी, तुमचं काय करू? तुमचं तं देवानंच अगोदर करून ठेवलं." त्या तीन दिवसांत गावात लोक हसले ते तेवढंच, आणि हसून लगेच खाली बघू लागले.

दिगंबर पहिला बसला होता. त्याचं दुःख खरं होतं, हे मला इथं लिहिलं पाहिजे. त्याचा बाप लहानपणीच गेलेला. बाईंच्या राज्यात भूमिहीनांना घरासाठी जागा मिळाल्या, त्यात त्याच्या आईला, पार्वताबाईला, तीन खणांची जागा मिळाली. तिनं देवाच्या फळीवर बाईंचा फोटो ठेवला होता. तीन दिवस दिगंबर गावभर एकच वाक्य बोलत फिरत होता, "माय गेली आपली. माय मारली आपली."

आणि त्या सकाळी त्यानं पोरांना घेऊन मेहेरसिंगच्या दुकानावर दगड टाकले होते.

मेहेरसिंगचं ट्रकच्या कमानपाट्यांचं दुकान होतं, आणि दुकानामागंच घर. अठरा वर्षं तो गावात होता. वाचनालयाचा सभासद क्रमांक दोनशे चौदा. रोज सकाळी नऊ वाजता यायचा, चपला दारात जोडीनं ठेवायचा, हिंदी पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायचा आणि जाताना मला मान लववायचा. एकदा लोखंडी कपाटाचा पाय मोडला, तर दुपारी येऊन जोडून गेला. माझ्या नोकरीच्या अकरा वर्षांत आमचं यापेक्षा जास्त बोलणं झालेलं नव्हतं. दोघंही अबोल, आमची चांगली मैत्री होती असं मला वाटतं. त्याला तसं वाटत होतं की नाही, ते मी कधी विचारलं नाही.

त्या दिवशीही तो नऊलाच आला. सोबत बीजी, म्हणजे त्याची आई. बायको-मुलं दिवाळीआधीच माहेरी नांदेडला गेली होती, ते बरं होतं. बीजींना गुडघ्यांमुळे धड चालवत नव्हतं, डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. मेहेरसिंगच्या बाहीला काचेची कच चिकटली होती.

"सरजी, आज पेपर आला का?"

"आला. पण..."

त्यानं पेपराकडे पाहिलं, उचलला नाही. मग फार हळू म्हणाला, "मला जुने अंक पाहायचे होते. आतल्या खोलीत असतात ना?"

"हो," मी म्हणालो. "तिथंच असतात."

मी खोली उघडून दिली. तो आईला घेऊन आत गेला. मी बाहेरून कुलूप लावलं. एवढंच झालं. पुढं कोणी कोणी म्हणालं की मी त्यांना आसरा दिला. मी कुलूप लावलं. आसरा त्यानं मागितला, तोही जुन्या अंकांच्या नावानं, मला अवघडायला होऊ नये म्हणून.

चारच्या सुमाराला मी तांब्याभर पाणी आणि बिस्किटांचा पुडा घेऊन आत गेलो. बीजी गठ्ठ्यावर बसून ओठांतल्या ओठांत पाठ म्हणत होत्या. पाणी घेतलं, बिस्किट बाजूला ठेवलं.

"जाळली का बाईला?" त्यांनी विचारलं. भाजीबाजारात, पार्वताबाईसारख्या ओळखीच्या बायकांकडून शिकलेलं त्यांचं मराठी असंच, अर्धं तोंडात अर्धं हातवाऱ्यांत.

"हो बीजी. आत्ताच."

"मग मी आज खात नाही," त्या म्हणाल्या. "घरातलं माणूस जळलं नाही तोवर चूल पेटत नाही. जळलं तरी त्या दिवशी नाही."

मेहेरसिंग मला खिडकीपाशी घेऊन गेला. "सरजी, लिंबाखाली डबा आहे. पाहिला का तुम्ही?"

मी पाहिला होता. रॉकेलचा पिवळा डबा, संपतच्या खुर्चीमागं. आणि दिगंबर पोरांना काय सांगत होता, तेही मी माझ्या टेबलाशेजारच्या खिडकीतून ऐकलं होतं. "अगोदर सभा होऊ द्या. मौन होऊ द्या. बाईचा मान राह्यला पाह्यजे. मंग जाऊ कमानपाट्याकडं."

"सभेनंतर इथं फोटो ठेवायचा आहे," मी म्हणालो. "ही खोली उघडावी लागेल."

"हां. ऐकलं मी. नाक्यावर आमच्या ओळखीचा ट्रक उभा आहे. नांदेडची भरती आहे. ड्रायव्हर सकाळीच म्हणाला, माल भरून सहापर्यंत थांबतो, पुढं नाही. त्याला पण जीव आहे. पण नाक्याकडे जायचं तर या बोळातून निघून चौकाच्या कडेनंच जावं लागते. सगळ्यांच्या नजरेसमोरून. पन्नास पावलं असतील."

"ठाण्यात कळवू का?"

"दोनच शिपाई. दोघंही टीव्हीसमोर बसून रडून राहिले." तो हे चिडून बोलला नाही. "सरजी, मौनात लोक डोळे मिटतात ना?"

"मिटतात."

"सगळे?"

"सगळे. म्हणजे... घड्याळ बघणारा सोडून."

"घड्याळ कोण बघते?"

एरवी हे काम शाळेचे मुख्याध्यापक करत. त्यांचा आवाज मोठा होता, आणि मौन संपवताना ते 'ॐ शांती' तीनदा म्हणत ते अख्ख्या बाजाराला ऐकू जाई. पण ते दिवाळीच्या सुटीत गावी गेलेले. शोकप्रस्ताव मी लिहिला होता, अण्णाजी म्हणाले होते, "पुंडकर, लिहिला तुम्ही, वाचाही तुम्हीच. अन् मौनही तुम्हीच घ्या, तुमचं घड्याळ टायमावर असते." मी नाही म्हणालो होतो. कोणाला ऐकू गेलं नव्हतं. पाच माणसांपुढं बोलताना माझी जीभ टाळूला चिकटते. मी ग्रंथपाल झालो ते पुस्तकांच्या प्रेमापेक्षा त्यामुळेच असावं.

"मी," मी म्हणालो.

मेहेरसिंगनं माझ्याकडे पाहिलं. खिशातला रुमाल काढून त्यानं आईच्या काठीच्या टोकाला घट्ट बांधायला सुरुवात केली, टक्‌टक् ऐकू येऊ नये म्हणून. मी खोलीच्या मागच्या, बोळात उघडणाऱ्या दाराची कडी काढून ठेवली.

पाचला अंत्ययात्रा निघाली. वाचनालयाच्या भिंतीवरचा बाईंचा मोठा फोटो, तोच गावातला एकमेव चौकटीतला, झेंडूच्या माळा घालून हातगाडीवर ठेवला होता. दिगंबर अनवाणी पुढं चालत होता. बाजारपेठेतून फिरून सगळे चौकात आले. फोटो वाचनालयाच्या पायऱ्यांवर टेबलावर ठेवला. लाउडस्पीकरवाल्यानं माइक माझ्या तोंडासमोर आणून ठेवला, आणि मला सहाशे माणसं दिसली, त्यांतली त्रेचाळीस गोट्यांची. दिगंबर चौकाच्या उजव्या कडेला, लिंबाच्या बुंध्याशी उभा राहिला. डबा त्याच्या पायाशी होता.

अण्णाजी बोलले. मग मी प्रस्ताव वाचला. त्यात 'कराल काळाने घाला घातला' असं एक वाक्य होतं. मला ते आवडत नव्हतं, पण अण्णाजींनी ठेवायला लावलं होतं, "लोकायले आवडते ते." मी ते वाचलं तेव्हा समोर एक बाई पदर तोंडात धरून रडू लागली. अण्णाजींचं खरं होतं.

मग मी म्हणालो, "आता दोन मिनिटं उभं राहून... शांत उभं राहून..." पुढचे शब्द आठवले नाहीत. पण लोकांना ते पाठ होते. माना खाली गेल्या. डोळे मिटले. लाउडस्पीकरची घरघर तेवढी राहिली, आणि लाउडस्पीकरवाल्यानं बटण फिरवून तीही बंद केली.

मी घड्याळ हातात धरलं होतं. सेकंदकाटा बारावर आला आणि बोळाच्या तोंडाशी मेहेरसिंगची निळी पगडी दिसली. त्यानं बीजींचा दंड धरला होता. काखेत एक बोचकं. बीजींच्या डोक्यावर पांढरी ओढणी. ते चौकाच्या कडेनं निघाले. काठीचा आवाज येत नव्हता. दहा पावलं. पंधरा. बीजी एक पाऊल टाकत, थांबत, दुसरं टाकत. काटा एकदा पूर्ण फिरला. वीस पावलं. मी मनातल्या मनात त्यांच्या गुडघ्यांना ढकलत होतो.

ते बरोबर फोटोच्या रेषेत आले आणि बीजी थांबल्या.

मला वाटलं दम लागला. पण त्यांनी आपला दंड मुलाच्या हातातून सोडवून घेतला. मान वळवून चौकाकडे पाहिलं. त्यांना दिसलं असेल ते धूसरच, पण गाव उभं आहे आणि कोणी बोलत नाही, हे त्यांना कळलं. हे मौन कशाचं, तेही कळलं. मेहेरसिंगनं त्यांना कसं सांगून बाहेर काढलं होतं कोण जाणे. मौन पाळायचं असतं आणि त्यातून चालत जायचं नसतं, एवढं मात्र त्या बाईला कोणी शिकवायची गरज नव्हती. त्यांनी काठी अंगाला टेकवली, हात जोडले आणि मान खाली घातली.

मेहेरसिंगनं त्यांना हलवलं. त्या हलल्या नाहीत. त्यानं पुन्हा दंड धरला. त्यांनी मान न उचलता त्याचा हात बाजूला केला. मग त्यानं माझ्याकडे पाहिलं. इतक्या लांबून मला त्याचे डोळे दिसले नसतील, पण दिसले असंच मला आठवतं. आणि त्यानंही बोचकं खाली ठेवलं, हात जोडले आणि आईशेजारी उभा राहिला.

दोन मिनिटं झाली.

मी 'शांती' म्हणालो असतो तर बीजी चालू लागल्या असत्या, आणि सहाशे माणसांनी डोळे उघडले असते. मी म्हणत नव्हतो तोवर कोणी डोळे उघडणार नव्हतं, पण बीजीही हलणार नव्हत्या. काटा फिरत होता. तीन मिनिटं. माझ्या तळहाताला घाम सुटून घड्याळ निसटायला लागलं. साडेतीन. कुठंतरी लेकरू कुरकुरलं, आईनं त्याला छातीशी घेतलं. चार. कोणीतरी खोकलं, आणि त्या खोकल्यात प्रश्न होता. समोरच्या रांगेतल्या एकदोघांनी किलकिले डोळे करून माझ्याकडे पाहिलं. मी घड्याळाकडे बघत होतो, म्हणून त्यांनी पुन्हा मिटले. मौन घेणारा माणूस घड्याळ बघतोय म्हणजे वेळ अजून झालेली नाही, अशी गावाची समजूत होती. मुख्याध्यापकांनी लावलेली सवय.

पाच मिनिटं झाली असतील तेव्हा दिगंबरनं डोळे उघडले.

त्यानं आधी माझ्याकडे पाहिलं. मग, मी नकळत जिकडं बघत होतो तिकडं, त्याची मान वळली. माझ्या नजरेनं त्याला ते दाखवलं, ही चूक माझी. त्याला निळी पगडी दिसली. पांढरी ओढणी दिसली. त्याचा पाय डब्याला लागला. डब्यातलं रॉकेल डचमळल्याचा आवाज त्या शांततेत मला इथपर्यंत आला.

तो ओरडला असता तर संपलं होतं. पण मौन चालू होतं, आणि मौन त्यानंच मागितलं होतं. बाईचा मान राहिला पाहिजे म्हणून. तो ओरडला नाही. तो चालू लागला. अनवाणी, सावकाश, लिंबापासून त्यांच्याकडे. मेहेरसिंग आईच्या पुढं सरला. दिगंबरनं त्याला एका हातानं बाजूला केलं, जसं दार लोटतात तसं, आणि बीजींच्या समोर जाऊन उभा राहिला.

त्या क्षणी मी बोलायला हवं होतं. अण्णाजींना हाक मारायला हवी होती, काहीतरी. मी तोंड उघडलं. आवाज आला नाही.

बीजींनी मान वर केली. मोतीबिंदूचे डोळे त्याच्या चेहऱ्याजवळ नेऊन त्याला ओळखलं असावं. त्यांच्या दुकानापाशी टँकर तोच उभा करायचा. मग त्यांनी हात उचलला आणि त्याच्या डोक्यावर ठेवला. हात डोक्यावरून फिरला, मागपर्यंत गेला, पुन्हा पुढं आला. त्या काहीतरी म्हणाल्या. ओठ हलताना दिसले, ऐकू आलं नाही. दिगंबरचे खांदे एकदम खाली आले, खुंटीवरून सदरा पडावा तसे. तो एक शब्द बोलला. बीजी रडू लागल्या. त्यानं त्यांना कमरेत हात घालून धरलं, आणि तो आणि मेहेरसिंग मिळून त्यांना नाक्याच्या रस्त्यानं घेऊन गेले. वळणावर निळी पगडी दिसेनाशी झाली.

मागच्या दोन-चार रांगांतल्या लोकांनी हे पाहिलं असणार. त्यांचे डोळे उघडे होते, हे मी पाहिलं. कोणी बोललं नाही. मौनात बोलायचं नसतं.

लांब ट्रक सुरू झाल्याचा आवाज आला. बऱ्याच वेळानं दिगंबर परत आला, लिंबाखाली आपल्या जागी उभा राहिला, त्यानं डोळे मिटले. तेव्हा माझ्या घशातून 'शांती' बाहेर पडलं. एकदाच. तीनदा म्हणायचं मी विसरलो. घड्याळात अकरा मिनिटं झाली होती.

"चल ना दिगू," एक पोरगं डबा उचलत म्हणालं.

"घरी जा रे सगळे," दिगंबर म्हणाला. "फोटो आत नेऊ लागा अन् घरी जा." त्यानं डबा स्वतः उचलला आणि टँकरवर नेऊन ठेवला. खोली मी उघडून दिली. गठ्ठ्यावर बिस्किटांचा न फोडलेला पुडा तसाच होता. त्यानं तो पाहिला, उचलून माझ्या हातात दिला आणि समईत तेल घातलं.

पुढं गावात ती म्हणच झाली. बस उशिरा आली, लग्नाची वेळ टळली, की लोक म्हणत, "पुंडकरांची दोन मिनिटं दिसतात." मला शोकसभेत पुन्हा कोणी घड्याळ दिलं नाही. मुख्याध्यापकांनी सगळ्यांसमोर समजावून सांगितलं, मिनिटकाटा आणि सेकंदकाटा यांत फरक असतो म्हणून. मी मान हलवली.

मेहेरसिंग परत आला नाही. त्याचा मेहुणा येऊन सामान घेऊन गेला. पंच्याऐंशीच्या उन्हाळ्यात एक कार्ड आलं, हिंदीत. इकडच्या वाचनालयात पेपर दुपारी येतो, असं लिहिलं होतं. आणि शेवटी एक ओळ होती, ती मला कळली नाही. 'दिगंबरभाईंना आमचा नमस्कार. बीजी पार्वताबाईंच्या आत्म्याला शांती मिळावी म्हणून रोज अरदास करतात.' पार्वताबाई तर चांगली धडधाकट होती, रोज वाचनालयासमोरून जायची. मेहेरसिंगची नावांत काही गल्लत झाली असेल असं मला वाटलं. दिगंबरला कार्ड दाखवावं का, यावर मी बरेच दिवस विचार केला. त्या दिवसाबद्दल आम्ही एकमेकांशी कधीच बोललो नव्हतो. शेवटी कार्ड ड्रॉवरमध्ये ठेवलं. दोन वर्षांनी दुसरं कार्ड आलं, बीजी गेल्याचं. तेही त्याच्यावरच ठेवलं.

शहाण्णव साली, माघ महिन्यात, एका दुपारी दिगंबर वाचनालयात आला. डोक्याचा गोटा. मी उभाच राहिलो.

"माय गेली, सर," तो म्हणाला. "मंगळवारी. तेरवीचं कार्ड छापायचं आहे. मजकूर लिहून द्या." आता तो चाळिशीकडे झुकलेला, पोट सुटलेलं. "साधा लिहा. कराल काळ नको."

मी कागद ओढला. तो समोर बसला. दुपारी तीनला वाचनालयात कोणी नसतं.

"एक सांगायचं राह्यलं तुमाले," तो म्हणाला. "ते सरदाराची बुढी, बीजी. ते काय बोल्ली होती मले, माहीत आहे?"

मी पेन खाली ठेवलं. "नाही."

"मी गेलो तं काय मनात घेऊन गेलो, ते सांगत नाई. चांगलं नव्हतं. हातात आली असती तं..." तो थांबला. "तिनं डोक्यावरून हात फिरवला. केस नाईत हे तिच्या हाताले कळलं. अन् म्हणते, 'पार्वता गेली? कधी गेली रे बेटा? मला कोणी सांगतलं नाही.' अन् रडाले लागली सर. माह्या मायसाठी."

"पण पार्वताबाई तर..."

"घरी भाकरी थापून राह्यली होती."

"मग तू काय म्हणालास?"

"हाव म्हटलं." त्यानं गोट्यावरून स्वतःचाच हात फिरवला. "दुसरं काय म्हणू? तीन दिवस गावभर बोंबलत होतो, माय गेली, माय गेली. सगळे माह्यासंगं बोंबलले. कधी गेली रे, असं मले जवळ येऊन कोणी विचारलं नव्हतं. तिनं विचारलं. ट्रकमध्ये चढवली तं वरून म्हणते, जेवलास का? उपाशी नको राहू." त्यानं खिडकीबाहेर, लिंबाकडे पाहिलं. "ते तसंच समजून गेली. तिले खरं सांगाचं राहूनच गेलं."

मी ड्रॉवर उघडला. दोन्ही कार्डं काढून त्याच्यापुढं ठेवली आणि पहिल्यातली शेवटची ओळ बोट ठेवून वाचून दाखवली. दुसरं कार्ड त्यानं स्वतः वाचलं. ओठ हलवत, दोनदा.

"म्हणजे माही माय जिती असताना," तो म्हणाला, "ते तिच्यासाठी रोज..."

"हो."

"अन् तुम्ही हे अकरा वर्षं ठेवलं."

"मला कळलं नव्हतं," मी म्हणालो. "आणि विचारायचा धीर झाला नाही."

तो रागावेल असं वाटलं होतं. तो नाकानं हसला, डोळे पुसले. "सर, खरं सांगा. त्या दिवशी तुम्ही जाणून थांबले होते ना? गाव हसते, पण मले नेहमी वाटे, पुंडकर सरानं जाणून केलं."

हो म्हणायचा मोह झाला. इतक्या वर्षांत हा प्रश्न मी स्वतःला किती वेळा विचारला असेल. पहिली दोन-तीन मिनिटं मी जाणून थांबलो होतो, बहुधा. पण तू डब्याला पाय लावून निघालास तेव्हा मी तोंड उघडलं होतं आणि आवाज फुटला नव्हता. तो फुटला असता तर मी काय बोललो असतो, ते मला आजही माहीत नाही. हे सगळं मी त्याला सांगितलं. माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात लांब बोलणं असेल.

त्यानं ऐकून घेतलं. "बरं झालं नाई फुटला," तो म्हणाला.

मग तो उठला. मला वाटलं निघाला. पण तो खुर्ची मागं सारून नीट उभा राहिला, हात जोडून.

"दोन मिनिटं उभं राहू, सर. मायसाठी. अन् त्या बुढीसाठी."

मी उठलो. सवयीनं मनगट वर केलं आणि काटा कुठं आहे ते बघू लागलो.

"ते नाई," दिगंबर म्हणाला. त्यानं डोळे आधीच मिटले होते. "तुमची वाली."

मी घड्याळ काढून ड्रॉवरमध्ये ठेवलं, आणि त्या चौकात जे मला करता आलं नव्हतं ते केलं. मान खाली घातली आणि डोळे मिटले.